ओबो एकटा गातो तेव्हा

बीथोवनच्या पाचव्या सिंफनीचं नवं रेकॉर्डिंग हाती आलं की पहिल्या भागातल्या एका जागेकडे माझे कान लागतात. सुरुवातीचे चार ठोके जगाला ठाऊक आहेत; माझी जागा बरीच पुढे आहे. तेच ठोके पुन्हा येतात, वाद्यवृंद गर्जत असतो आणि एकाएकी सगळे थांबतात. फुंकून वाजवायचा ओबो एकटा गातो. या भागाच्या स्वरलिपीत उभ्या रेघांनी आखलेली 502 घरं आहेत. त्यातलं हे एकच पूर्णपणे त्याचं. इथे संथ व्हा, एवढंच बीथोवनने सांगितलंय. किती संथ, ते वादकाने ठरवायचं. ख्याल ऐकत वाढलेल्या मला तो आलापच वाटला.

कॉलेजात मिळालेल्या कॅसेटवर संचालक कार्लोस क्लायबर होता, 1974 मधला, व्हिएन्ना फिलहार्मनिकबरोबर. तो उसंत देत नाही. व्हिएन्नाच्या ओबोची घडणच निराळी. सूर सरळ, थोडा धारदार, कंप जवळजवळ नाही. एवढ्या वेगातून तो सूर सुटा झाला की माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे क्लायबरच्या वडिलांचं, एरिख यांचं, अ‍ॅमस्टरडॅमचं 1953 मधलं मुद्रणही मिळवलं. मुलाचा आवेश कुठून आला ते त्यात स्वच्छ ऐकू येतं.

फुर्टवेंगलर मला चाळिशीनंतर उमगला. मे 1947, बर्लिन. तिथल्या फिलहार्मनिकचं स्वतःचं सभागृह बॉम्बहल्ल्यात गेलेलं. नाझी काळात जर्मनीतच राहिलेला हा संचालक चौकशी संपवून आपल्या वाद्यवृंदासमोर परतला होता. तो थांबे लांबवतो, लय वाकवतो, आणि मग ओबो येतो तो शोक घेऊनच. त्या शहराचा इतिहास ठाऊक असल्याने मला तसं ऐकू येतं का? येत असेल. तो इतिहास बाजूला ठेवून ऐकायची मला इच्छाही नाही.

गार्डिनर या संचालकाने जुन्या घडणीची वाद्यं घेतली, बीथोवनचे वेगाचे आकडे मानले. त्याचा ओबो लाकडाचा आहे हे कानाला कळतं. आणि निकिशचं 1913 मधलं मुद्रण! मायक्रोफोन अजून यायचा होता, सगळे भोंग्यासमोर वाजवत. खरखरीत तंतुवाद्यं विरतात, ओबो मात्र तगतो.

नव्याने ऐकणाऱ्याला मी क्लायबरच देते. फुर्टवेंगलर नंतर, सिंफनी तोंडपाठ झाल्यावर. तो कुठे थांबला हे तेव्हाच कळतं.