नाहाला निघण्याआधी

चि. मनूस,


तुझी यादी वाचली. हेडगिअर, हातमोजे, नी-गार्ड, प्रोटीन पावडरचा डबा, आणि सगळ्यात खाली "किमान पाच काता शिकून येणे". ताईने त्यात मेथीच्या लाडवांची भर घातल्याचं तिच्याकडूनच कळलं. लाडू ने. हेडगिअर आणि हातमोजे घरीच राहू देत. पाच कातांचं खूळ मात्र आधी डोक्यातून काढ.

तू गोजू-ऱ्यू कराटे शिकतेस, आणि ती शैली उभी करणाऱ्या मियागी चोजुन यांच्याच गावी, ओकिनावातल्या नाहाला, चालली आहेस. नव्या शिष्याकडून ते वर्षानुवर्षं सांचिन हा काता, म्हणजे हालचालींचा तो ठरलेला क्रम, करून घेत, असं तिथले जुने लोक सांगतात. सांचिन तुला येतो हे मला माहीत आहे. परीक्षेत तू तो दीड मिनिटात उरकतेस. तिथे तो उरकता येणार नाही. पुढच्या पायाचा अंगठा किंचित आत, कोपर बरगडीपासून मूठभर अंतरावर, श्वास पोटाच्या तळापासून. सेन्सेई मागून येतात, दोन्ही तळहातांनी खांदे खाली दाबतात, काखेखालचा स्नायू चाचपतात आणि पायाने तुझी मांडी ढकलून बघतात. हललीस तर पुन्हा पहिलं पाऊल. एखादी अख्खी संध्याकाळ त्या तीन पावलांत जाईल, आणि शेजारी सत्तरीचे एक आजोबा तेच करत असतील. इतके पैसे खर्चून जुनंच शिकायला आले का, असं पहिल्या आठवड्यात वाटेल. हो, त्यासाठीच जायचं.

म्हणून आतापासून रबरी मॅट सोड. गच्चीवरच्या शहाबादी फरशीवर अनवाणी सराव कर. तिथली जमीन लाकडी असते आणि आपल्या मॅटवर वाढलेल्या मुलांच्या तळपायांना पहिल्याच आठवड्यात फोड येतात. गुडघे आणि मांड्या तयार कर. रोज थोडा वेळ नुसती सांचिनच्या पवित्र्यात उभी राहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. भिंतीशी मांडलेल्या साधनांची ओळख तिथे होईलच. चिशी म्हणजे दांड्याच्या एका टोकाला सिमेंटचं वजन. आपल्या आजोबांच्या तालमीतला मुद्गल फिरवलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. निगिरी-गामे म्हणजे मातीच्या बरण्या. त्यांचा काठ बोटांच्या चिमटीत धरून चालायचं. आणि माकिवारा, जमिनीत रोवलेली फळी. तिच्यावर पहिल्या दिवशी शौर्य दाखवू नकोस. मनगट दुखावलं की उरलेले सगळे दिवस बाकावर बसून काढावे लागतील.

तू रोज सहा तास सरावाचं वेळापत्रक आखलं आहेस. ते तिथे जमणार नाही. तिथले बरेचसे दोजो म्हणजे सेन्सेईंच्या घराचा तळमजला. विद्यार्थी दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येतात, दीड-दोन तास सराव होतो, मग सगळे मिळून ओल्या फडक्याने जमीन पुसतात. फडकं तू आपणहून उचल; कुणी सांगायची वाट बघू नकोस. दिवस मोकळे मिळतील, त्यातली एक सकाळ इतोमानच्या शांती उद्यानासाठी ठेव. 1945 च्या लढाईत मेलेल्यांची नावं तिथे काळ्या दगडांवर कोरली आहेत, ओकिनावाच्या लोकांची आणि दोन्ही बाजूंच्या सैनिकांचीही. त्या लढाईत किती शिक्षक आणि शिष्य गेले हे ऐकलंस, की तिथली माणसं सांचिनला इतकं का जपतात ते थोडं कळेल.

टोकियो ऑलिंपिकमध्ये काताचं सुवर्ण जिंकलेला ऱ्यो कियुना ओकिनावाचाच. त्याचे व्हिडिओ तू शंभरदा बघितले असशील. बघ, पण तिथे त्याची नक्कल करून दाखवू नकोस. स्पर्धेतला काता परीक्षकांना दिसावा म्हणून मोठा केलेला असतो आणि त्याची शैलीही वेगळी. आपल्याकडे दर तीन महिन्यांनी बेल्ट वाटायचा जो कारखाना चालतो, त्याने तर आपल्या मुलांना फक्त दाखवायचंच शिकवलं आहे. तू त्यातून बरीचशी वाचलीस, पूर्ण नाही.

न कळवता कुठल्याही दोजोच्या दारात उभी राहू नकोस. तुझ्या सरांकडून परिचयपत्र घे आणि आधी पाठव. दोजो ठरत नसेल तर तोमिगुसुकूमध्ये 2017 साली सुरू झालेलं कराटे काइकान आहे. परदेशी विद्यार्थ्यांना दोजो शोधायला तिथे मदत करतात. फी नव्या नोटांत, पाकिटात घालून, दोन्ही हातांनी द्यायची. सेन्सेईंसाठी चिक्कीचा डबा ने, सुटी वेष्टनं असलेला, म्हणजे वाटता येतो.

मे-जूनमध्ये तिथे पाऊस आणि पुढे वादळं. जायला ऑक्टोबरअखेर चांगला; 25 तारखेला कराटे दिन असतो, त्याच्या आसपास कोकुसाई-दोरी रस्त्यावर शेकडो लोक एकत्र काता करतात. हवा तरीही दमट असते, जाड कॅनव्हासचा ड्रेस रात्रीत वाळत नाही, म्हणून दोन ड्रेसचा तुझा हिशोब बरोबर आहे. खाण्याचं अवघड आहे. साध्या दिसणाऱ्या सुपातही सुक्या माशाचा अर्क असतो आणि तिथल्या सोबा नूडल्स डुकराच्या मांसाच्या रश्शात येतात. तोफू भरपूर मिळेल. आणि कारलं! ते लोक कारल्यावर जीव टाकतात. ताईला हे मुद्दाम सांग.

औषधं डॉक्टरांना दाखवून घे. स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं सर्दीचं औषध जपानात नेता येत नाही. व्हिसाचं मी बोलत नाही, ते तू माझ्यापेक्षा नीट करशील. विम्याचं मात्र बोलते: प्रवास विम्याच्या स्वस्त पॉलिसीत मार्शल आर्टमधली दुखापत बहुधा वगळलेली असते, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी पॉलिसीचा कागद मला पाठव. आणि दोजोकडून होकार हातात येईपर्यंत तिकीट काढू नकोस.

तुझी,
मावशी