नपुंसकलिंगातले पंधरा दिवस

लातूरहून फोन आला तेव्हा आम्ही दोघे हिवाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. फोन आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. गावाबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये, अर्धवट बांधून सोडलेल्या घराच्या सळईला साखळीने बांधलेले एक कुत्रे तिला आढळले होते. मालकाचा पत्ता नाही, तिच्या घरी जागा नाही. "सर, मॅडम आणि तुम्ही पंधरा दिवस सांभाळाल का? तोवर मी घर शोधते." नांदेडात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या दोन मास्तरांनी होकार दिला तो केवळ भिडेपोटी. दुसऱ्या दिवशी अहमदपूर, माळेगाव, लोहा करीत एका जीपमधून ते कुत्रे आले.

कुत्रे करवानी होते. लातूर जिल्ह्यातले, चाकूर तालुक्यातले जानवळ या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. लांब पाय, खोल छाती, आत गेलेली कंबर. सशामागे धावण्यासाठीच घडवलेली ही जात. धडधाकट करवानीच्याही दोन-तीन बरगड्या दिसतात. त्यामुळे बघायला आलेला प्रत्येक जण "अहो, ही जातच तशी" असे सांगून आमचे समाधान करी. डॉक्टरांनी मात्र पाठीच्या कण्यावरून आणि कमरेच्या हाडांवरून बोट फिरवले आणि यातले जातीचे किती नि उपासाचे किती, याचा निवाडा केला. मानेवर साखळीची जखम होती, कानांत गोचिडी होत्या. रक्त तपासले, गोचीडतापाच्या गोळ्या सुरू झाल्या. खाणे दिवसातून पाच वेळा, पण थोडे थोडे. फार दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम पोटभर घातले तर रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊन ते दगावू शकते. तूप तर सर्वथा वर्ज्य.

तूप वर्ज्य म्हटल्यावर नामदेव आठवणे ओघानेच आले. नामदेवांचे गाव मानले जाणारे नरसी आमच्याहून फार लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितले असतील; भूतदया, सर्वांभूती ईश्वर वगैरे. पण ते कुत्रे पळत का होते, हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांना कधी विचारला नाही आणि त्यांनीही आम्हांला विचारला नाही. आमचा पाहुणा आम्ही समोर असेपर्यंत घास घेत नसे. हात पुढे केला की फरशीला चिकटून जाई. भाकरी-दुधाचे ताटले ठेवायचे, पाठ फिरवायची, दुसऱ्या खोलीत जायचे. मग ताटली सरकल्याचा आवाज येई. ती कथा वाटी धरणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे. कुत्र्याला दिसतो तो हातात काहीतरी घेऊन अंगावर येणारा माणूस.

नाव ठेवायचे नाही, असे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले होते. नाव ठेवले की गुंतलो. मराठीने त्याची उत्तम सोय करून ठेवली आहे. "ते जेवले का?" "त्याला खाली नेऊन आणा." केसपेपरवर 'मादी' असे स्वच्छ लिहिलेले असूनही आम्ही तेरा दिवस नपुंसकलिंगाच्या आडोशाला राहिलो. शेजारच्या उर्दूभाषक आजींना हा आडोसा उपलब्ध नव्हता. त्या पहिल्या दिवसापासून दारातून विचारीत, "ये खाती नहीं क्या?"

चौदाव्या दिवशी विद्यार्थिनीचा फोन आला. औश्याकडे एक शेतकरी कुटुंब तयार होते. मोकळे रान, कुत्री सांभाळण्याची सवय, माणसे चांगली. आम्ही खोदून खोदून चौकशी केली, खोट सापडावी म्हणूनच केली असावी, सापडली नाही. रविवारी येतो म्हणून सांगितले. फोन ठेवता ठेवता आमच्यातल्या एकीच्या तोंडून गेले, "ती अजून जिन्याला घाबरते हो, तिला उचलून न्यावं लागतं." दोघांनीही ते ऐकले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

तरीही रविवारी गेलो. सोयाबीन काढलेल्या रानात तिला सोडले, आणि ती धावली. दोन आठवडे कोपऱ्यात अंग चोरून बसलेले ते हाडांचे गाठोडे असे धावू शकते, याची आम्हांला कल्पना नव्हती. चारी पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटत होते. विवेकाने पाहिले तर निर्णय तिथेच व्हायला हवा होता, आणि तो आमच्या विरुद्ध व्हायला हवा होता. घरधन्याने विचारले, "नाव काय हिचं?" आम्हांला सांगता येईना.

ती आमच्याबरोबर परत आली. का, याचे पटण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नाही. दुसऱ्या मजल्याच्या, आमच्या वयाच्या आणि तिच्या आयुष्याच्या हिशेबात हे बसत नाही. त्या गृहस्थांनी राग मानला नाही. चहा पाजला आणि म्हणाले, "न्या सर, तुमचा जीव लागलाय." तिचा कुठे लागला होता, हे त्यांनी विचारले नाही.

आता पहाटे पाचला एका शाळेच्या कुंपणाच्या मैदानावर तिला मोकळी सोडतो. पहारेकरी ओळखीचा आहे म्हणून जमते. मैदान लहान पडते. जिना ती उतरू लागली आहे, चढताना अजून उचलावी लागते. जेवताना मात्र आम्ही आजही पाठ फिरवून उभे राहतो.