यंदाचं काय, ते दाखवा

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, जुन्या मूर्तींच्या फोटोंचा एक जाडजूड अल्बम जपून ठेवला आहे. त्यातल्या काही मूर्ती खरोखर अप्रतिम आहेत. पण मी लग्न होऊन पेणला आल्यापासून एकाही व्यापाऱ्यानं तो अल्बम शेवटपर्यंत चाळलेला पाहिला नाही. दादरचे, ठाण्याचे, पुण्याचे व्यापारी दिवाळी उलटली की नमुने बघायला येऊ लागतात. चहा घेतात, आण्णांच्या पाया पडतात, आणि मला म्हणतात, "वहिनी, आण्णांचं काम आम्हाला ठाऊक आहे. यंदाचं काय, ते दाखवा."

आण्णांचं नाव माणसाला दारापर्यंत आणतं. विसार मिळतो तो मांडणीवरच्या कच्च्या, बिनरंगी नमुन्यावर. मला सुरुवातीला हा व्यवहार रुक्ष वाटायचा. आता वाटत नाही, कारण मी आखणी करते.

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. साच्यातून मूर्ती काढणं, सांधे भरणं, पॉलिश पेपर मारणं, अंगरंग, दागिन्यांचं सोनेरी काम, हे सगळं उरकल्यावर मूर्ती आखणाऱ्यासमोर येते. पांढरा भाग भरायचा, मग वरच्या पापणीची काळी रेघ एका दमात ओढायची. तिथे हात थांबला की रेघेला गाठ येते. मग बुबुळ, त्यात बाहुली, शेवटी प्रकाशाचा पांढरा ठिपका. दोन्ही डोळ्यांची नजर एकाच ठिकाणी पडली पाहिजे, समोर उभ्या राहिलेल्या माणसाला देव आपल्याकडेच बघतोय असं वाटलं पाहिजे. एक बुबुळ केसभर सरकलं तरी मूर्ती तिरळी दिसते. पुसून पुन्हा काढता येतं, पण पुसताना खालचा अंगरंग जातो आणि ती मूर्ती पुन्हा रंगाच्या रांगेत जाते. श्रावणात एवढी सवड कुणालाच नसते.

बघायला येणारे पाहुणे म्हणतात, "देवाची देणगी आहे हो तुमच्या हातात." असेल. पण ही देणगी चार आठवडे ब्रश न धरल्यास परत घेतली जाते, एवढं मी छातीठोकपणे सांगते. विसर्जन झालं की कारखाना थंडावतो. कोणी शेतीकडे वळतं, कोणी माहेरी जातं. आण्णा मात्र दुपारी जेवणानंतर एखादी तुटकी, विकाऊ नसलेली मूर्ती घेऊन बसतात आणि तिचे डोळे आखतात. झाले की पांढरा रंग मारून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मूर्तीवर पुन्हा डोळे. तिच्या डोळ्यांवर रंगाचे इतके थर चढतात की पापणी फुगून येते. मग ती मूर्ती बाजूला, दुसरी तुटकी हातात. मी त्यांच्याच शेजारी बसून शिकले. त्यांनी तोंडी फारसं काही सांगितलं नाही. "आज काढलेस का?" एवढंच विचारायचे.

आमच्याकडे पूर्वी एक आखणारा होता, आण्णांपेक्षाही सरस. २०२० साली सरकारनं सार्वजनिक मूर्तीला ४ फूट आणि घरगुती मूर्तीला २ फूट अशी उंचीची मर्यादा घातली. मोठ्या मूर्तींचं काम बसलं, मजुरी आटली, आणि तो कंपनीत नोकरीला लागला. त्यानं योग्यच केलं, घर चालवायचं होतं. पुढे ऐन हंगामात सुट्टी काढून तो मदतीला आला. नजर तीच होती, चूक कुठे आहे हे त्याला माझ्याआधी दिसायचं. रेघ मात्र थरथरत होती. हंगाम संपता संपता हात पुन्हा बसला, पण तोपर्यंत गाड्या भरून गेल्या होत्या. कला विसरली जात नाही म्हणतात ते खरं आहे. फक्त ती परत यायला जो वेळ घेते तो गिऱ्हाईक देत नाही.

धंद्याचंही असंच आहे, हे मला २०२५ नं शिकवलं. प्लास्टर ऑफ पॅरिसवर बंदीच्या मार्गदर्शक सूचना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० मध्येच काढल्या होत्या. अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली जात होती. २०२५ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयानं ती कडकपणे करायला सांगितल्यावर व्यापारी एकदम शाडू मागू लागले. आता प्लास्टर रबरी साच्यात ओतलं की अर्ध्या तासात मूर्ती बाहेर येते. शाडू तळहातानं साच्यात दाबून बसवावा लागतो. थर कुठे जाड, कुठे पातळ झाला की वाळताना तडा ठरलेला. उन्हात ठेवायची सोय नाही, सावलीत हळूहळू वाळू द्यायचं. आत ओल राहिली तर रंग टिकत नाही. हे कागदावर लिहून घेऊन करता येत नाही, बोटांना कळावं लागतं.

आण्णा दरवर्षी थोड्या तरी शाडूच्या मूर्ती करायला लावायचे. आमचे हे कुरकुरायचे, "त्यात सुटतं काय?" काही सुटत नसेच. पण बोटं चालू राहिली, म्हणून आम्ही त्या वर्षी शाडूची ऑर्डर हिमतीनं घेऊ शकलो. शाडू कधीकाळी केलेले कितीतरी कारखाने होते. त्यांचे पहिले घाणे तडकले.

पुढे ९ जूनला न्यायालयानं प्लास्टरच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक जलाशयात विसर्जनाला मात्र मनाई ठेवली. त्यासरशी बरेच व्यापारी पुन्हा प्लास्टरकडे वळले. म्हणजे शाडूनं आमचं नशीब पालटलं वगैरे काही झालेलं नाही. कठीण महिन्यांत शेड बंद ठेवावी लागली नाही, कामगारांची मजुरी सुटली, एवढाच हिशेब. लहान कारखान्याला तो पुरेसा असतो.

चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरवर गेली आहे. म्हणजे यावेळी हाताशी अडीच आठवडे जास्त. मी ते शाडूला देणार आहे, प्लास्टरबद्दल पुढे काय ठरेल ते ठरो. आणि तुम्हाला आमचं काम बघायचं असेल तर पौष-माघात या. श्रावणात आम्ही चहासुद्धा विचारणार नाही.