पुलावरचं परमिट, पोस्टातलं परमिट

जानेवारी २०२३ मध्ये आम्हा दोघांचा कॅनडातला दोन वर्षांचा डिप्लोमा पूर्ण झाला. कॉलेज एक, निकालाची तारीख एक, ब्रॅम्प्टनमधलं भाड्याचं तळघरही एकच. दोघांनाही शिक्षणानंतरचं वर्क परमिट हवं होतं. फी तीच, २५५ डॉलर. पण एकाने अर्ज सीमेवर जाऊन केला आणि दुसऱ्याने घरी बसून पाठवला. कोणाचं बरोबर, यावर आमच्यात आजही वाद होतो. असा वाद इथल्या हजारो घरांत झाला असेल, म्हणून तो मांडतो आहोत.

सीमेवरची रीत बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. नायगाऱ्याच्या बाजूचा एखादा पूल ओलांडून अमेरिकेच्या चौकीवर जायचं, आम्हाला आत यायचं नाही असं सांगायचं, प्रवेश न दिल्याचा त्यांचा कागद घ्यायचा आणि तिथूनच वळून कॅनडाच्या चौकीवर उभं राहायचं. आता तुम्ही कॅनडात ‘प्रवेश करणारे’ झालात, म्हणून अधिकारी जागेवर परमिट छापून देऊ शकतो. याला फ्लॅगपोलिंग म्हणतात, म्हणजे ध्वजस्तंभाला वळसा घालून येणं.

आमच्यातला एक बुधवारी पहाटे ओळखीच्याच्या गाडीतून निघाला. बर्फ पडत होता. दुपारी तीनला त्याचा फोन आला, “मिळालं!” आम्ही संध्याकाळी मटण केलं. जेवताना कागद नीट वाचला तेव्हा कळलं, परमिट तीन वर्षांचं नव्हे, दोनच वर्षांचं. पासपोर्टाची मुदत जानेवारी २०२५ ला संपत होती आणि परमिट पासपोर्टाच्या पुढे जात नाही. अधिकाऱ्याची चूक नव्हती. पण मागे रांग आणि समोर गणवेश असताना “थांबा साहेब, आधी पासपोर्ट नवा करून येतो” असं म्हणायला कोणाची जीभ उचलते?

दुसऱ्याने सावकाश केलं. आधी पासपोर्ट नवा केला, कागद दोनदा तपासले, मग ऑनलाइन अर्ज केला. परमिट यायला पाच महिने लागले. पूर्ण तीन वर्षांचं आलं, हे खरं. मुदतीत अर्ज केलेला असला की निर्णय येईपर्यंत पात्र विद्यार्थ्याला काम करता येतं, हेही खरं. पण नियमात जे करता येतं ते प्रत्यक्षात दर आठवड्याला कोणाला तरी पटवून द्यावं लागतं. आमच्यासारख्यांचा सिन नंबर नऊपासून सुरू होतो आणि त्याला संपण्याची तारीख असते. ती उलटली की मालकाचा माणूस नवा कागद मागतो. आरोग्य कार्डाच्या खिडकीवर परमिट मागतात. मे महिन्यात त्याच्या बहिणीचं नागपूरला लग्न होतं. बाहेर गेलो तर परत येताना कोणत्या नात्याने आत येऊ, हे त्याला कोणी लेखी देईना. तो गेला नाही. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, इकडे सकाळचे नऊ. गोदामातल्या दोन रॅकांच्या मध्ये उभं राहून त्याने मोबाइलवर लग्न पाहिलं.

सरकारने २१ जून २०२४ पासून शिक्षणानंतरच्या परमिटसाठी हा वळसा बंद केला आणि २३ डिसेंबर २०२४ ला बहुतेक सगळ्याच वर्क आणि स्टडी परमिटसाठी. कारण सांगितलं ते असं की हे लोक रांग मोडतात आणि चौकीवरच्या अधिकाऱ्यांचा वेळ खातात. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात ६९,३०० हून अधिक जण असे आले. आकडा मोठा आहे, मान्य. शिवाय वळसा घालायला गाडी लागते, कामाच्या दिवशी सुट्टी लागते, गणवेशासमोर इंग्रजी बोलायची हिंमत लागते. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं तो तेव्हाही रांगेतच होता. तेव्हा पुलावर आमच्यावर मेहरबानी झाली, तिला आम्ही हक्क म्हणणार नाही.

पण रांग एवढी पवित्र असेल तर ती सगळ्यांसाठी का नाही? अमेरिकेचे नागरिक आणि तिथले कायमचे रहिवासी या बंदीतून वगळले. अमेरिका, मेक्सिको, चिली, पेरू, कोलंबिया, पनामा, दक्षिण कोरिया या देशांशी केलेल्या व्यापार करारांखाली येणारे व्यावसायिकही वगळले. त्यांना समोरासमोर तपासायला अधिकाऱ्यांना वेळ आहे. आमच्यासाठी मात्र तो वाया जातो!

उलट दिशेने पाहा. कॅनडाचा नागरिक नोकरीचं पत्र आणि पदवी घेऊन त्याच पुलावर अमेरिकेच्या चौकीत जातो आणि टीएन दर्जा मागतो. तो तीन वर्षांपर्यंत मिळू शकतो. नको असेल तर मालक त्याच्यासाठी अमेरिकेतल्या इमिग्रेशन खात्याकडे आधीच अर्ज पाठवू शकतो. खिडकी की पोस्ट, निवड त्याची. पण त्याच करारातल्या मेक्सिकोच्या नागरिकाला आधी अमेरिकी वकिलातीत व्हिसाच काढावा लागतो. करार एक, काम एक, दारं दोन.

खिडकीवर सरकारचा वेळ जातो, पोस्टात अर्जदाराचा. सरकारने आपला वेळ वाचवला, त्याला आमची हरकत नाही. मग आमच्या वेळालाही मुदत घाला. अमुक दिवसांत निर्णय झाला नाही तर जुना परवाना सर्व कामांसाठी चालू समजला जाईल, आरोग्य कार्डासाठीही आणि परतीच्या प्रवासासाठीही, असं स्पष्ट लिहून द्या. आज निर्णयाचे जे दिवस जाहीर होतात ते अंदाज आहेत. ते चुकले तर कोणाला जाब विचारायचा?

पुलावर गेलेल्या आमच्या मित्राचं ते हुकलेलं एक वर्ष राहिलंच होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा पासपोर्ट आला. तोवर पूल बंद झाला होता. उरलेल्या काळासाठीचा हा अर्ज कागदावर, लिफाफ्यात घालून पाठवायचा होता, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून कॅनडाच्या टपाल कामगारांचा संप सुरू झाला. संप योग्यच होता, असं आम्ही तेव्हाही म्हणत होतो. लिफाफा खासगी कुरिअरने गेला. पोहोच मिळाली, खाली कोणाची तरी सही आहे. तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावला आहे आणि कामावर विचारलं की तो त्याचाच फोटो दाखवतो.