कचरा सरळ जाऊ दे

लासलगावात माझ्या मामांचं वर्कशॉप आहे. एक लेथ, दोन वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि कोपऱ्यात तीन एचपीचा कॉम्प्रेसर. गाव कांद्याचं, म्हणून कामही कांद्याचंच: चाळीचे अँगल, ट्रॉलीचे फाळके, ट्रॅक्टरच्या पिना. संध्याकाळी हवेच्या गनने साफसफाई होते. आधी लेथ, मग टेबल, मग स्वतःचे कपडे, शेवटी एकमेकांची पाठ. दोन मिनिटांत सगळं चकाचक.

फक्त धूळ कुठेच गेलेली नसते. लेथवरचा कीस वेल्डरच्या मानेवर जातो, ग्राइंडरची भुकटी हेल्परच्या नाकात. दोन वर्षांपूर्वी असाच एक कण मामांच्या डाव्या डोळ्यात रुतला. लोखंडाचा कण डोळ्यात राहिला की त्याच्याभोवती गंजाचं कडं धरतं आणि तेही खरवडून काढावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. नाशिकला जाऊन ते काढलं. आठवडाभर मामा एका डोळ्याने मापं घेत होते. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमात सफाईच्या हवेचा दाब ३० पीएसआयच्या आत ठेवायचा असतो, वर गॉगल आणि आडोसा हवाच. आमच्या टाकीचा काटा ९० वर असतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडेही ही हवेची गन आहे, फक्त तिला ‘तिकीट दुसऱ्या टीमला असाइन करणं’ म्हणतात. आपलं टेबल स्वच्छ, प्रश्न शेजाऱ्याच्या डोळ्यात.

१९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने गालिचा साफ करणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र दाबाची हवा मारून धूळ उडवायचं. बूथला वाटलं, फुंकण्यापेक्षा ओढून का घेऊ नये? त्याने एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागला, पण रुमालाला धूळ चिकटली होती. व्हॅक्यूम क्लीनर तिथून सुरू झाला.

मग वर्कशॉपसाठी व्हॅक्यूम क्लीनर विकत का नाही घेतला? कारण घरगुती मशीनच्या मोटरमध्ये लोखंडाची बारीक भुकटी शिरली तर ते फार टिकत नाही. आणि हवा आमच्याकडे तयारच होती. फेकणाऱ्या हवेकडूनच ओढून घ्यायचं काम करवता येतं.

ते कसं, हे लासलगाव स्टेशनवर दिसतं. न थांबणारी एक्सप्रेस धडधडत जाते तेव्हा प्लॅटफॉर्मवरची कांद्याची टरफलं तिच्यामागे पळत सुटतात. वेगाने जाणारी वस्तू आजूबाजूच्या हवेला सोबत नेते. ती जागा भरायला मागची हवा धावते. हवेचा बारीक झोतही हेच करतो. तो पाइपात सोडला की पाइपाचं मागचं तोंड आपोआप हवा ओढू लागतं. फिरणारा एकही भाग लागत नाही. वाफेच्या इंजिनांवर असाच इजेक्टर असायचा: वाफेच्या झोताने गाडीच्या ब्रेकच्या पाइपातली हवा ओढून काढायची. मामांची रंगाची स्प्रे गनही याच तत्त्वावर खालच्या डब्यातला रंग वर खेचते.

दिवाळीच्या सुट्टीत मी कागदावर चित्र काढलं. पाइपाचा टी, त्यात सरळ येणारा झोत, आणि बाजूच्या फाट्यातून शिरणारा कचरा. बहुतेक इजेक्टरची चित्रं अशीच असतात. मामांनी चष्मा वर करून पाहिलं.

“लेथचा कीस बघितलास का? स्प्रिंगसारखा असतो. वळणावर अडकणार. कचरा सरळ जाऊ दे. हवेला बाजूने आण. हवेला काय, ती कशीही वळते.”

मग सव्वा इंची पाइपाचा हातभर तुकडा घेतला. त्यात पुढच्या दिशेने तिरपं भोक पाडून तांब्याची नळी बसवली आणि वेल्डिंगऐवजी ब्रेझिंग केलं, कारण वेल्डिंगच्या तापाने तांबं वितळलं असतं. नळीचं तोंड बंद करून त्याला २ मिलिमीटरचं भोक ठेवलं. सहा बार दाबावर एवढ्याशा भोकातून मिनिटाला साधारण २५० लिटर हवा जाते, म्हणजे आमच्या कॉम्प्रेसरला झेपेल एवढी. भोक ४ मिलिमीटरचं केलं की चौपट हवा लागते आणि टाकी बघता बघता रिकामी होते. पुढच्या टोकाला जाड जीन्सचा पाय शिवून पिशवी केली, वर पाइपाची क्लिप आवळली.

याला मर्यादा आहेत. कॉम्प्रेसरची बरीचशी वीज नुसती उष्णता होऊन जाते, त्यामुळे हे स्वस्त यंत्र नाही. आवाज कर्कश आहे. ग्राइंडरच्या ताज्या ठिणग्या ओढायच्या नाहीत, पिशवी पेटेल. कापडातून अगदी बारीक भुकटी निसटते, म्हणून पिशवी दाराबाहेर ठेवतो आणि मास्क सुटत नाही. एका बाजूने बंद असलेल्या भोकातला कीस काढायला मामा अजूनही गनच घेतात, पण आता गॉगल लावून.

पहिल्या आठवड्यानंतर पिशवी काट्यावर ठेवली. सव्वा किलो भरली. हेल्परने उगाच पुन्हा एकदा ठेवून पाहिली. तो वर्षभर रोज त्याच गनने अंग झाडून घरी जायचा, आणि घरी त्याची दोन वर्षांची मुलगी धावत येऊन त्याच्या पायाला मिठी मारते.

“मामा,” तो म्हणाला, “हे आधी कुठं जायचं हो?”

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी गन खुंटीवरून काढली आणि रेग्युलेटरची चावी उलटी फिरवत काटा ३० च्या खाली आणला.