सभासद यादी

मराठी ख्रिस्ती मंडळीत पाळक म्हणून आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे. तरुण पाळक भेटायला येतात आणि एकच गाऱ्हाणं मांडतात: जग बदललं, पोरं चर्चला फिरकत नाहीत. मीही हेच म्हणत आलो. जगावर ढकललं की पाळकसमितीत सगळ्यांच्या माना डोलतात आणि वार्षिक अहवालही पटकन लिहून होतो.

आमची मुलं पुण्याच्या कंपन्यांनी नेली. रविवारी सकाळी ती शिफ्टवर असत, नाहीतर झोपलेली. देव नाही असं ठरवलेली त्यांत फार थोडी होती. बाकीच्यांना त्याची आठवण येण्याचं कारण पडत नव्हतं, इतकंच. मी उपाय म्हणून प्रोजेक्टर आणला, ड्रमसेट आणला, संध्याकाळची इंग्रजी उपासना सुरू केली. ‘उपासना संगीत’ हे आमचं मराठी गीतपुस्तक कपाटात गेलं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्या भिंतीवरच्या इंग्रजी ओळींकडे बघत गप्प बसू लागल्या. पुढे ड्रम वाजवणाऱ्यालाच बंगळुरूला नोकरी लागली आणि सगळं थांबलं. पैसे गेले, त्याचं फारसं वाटत नाही.

वाटतं ते एका मुलीचं. आमच्याच शब्बाथ शाळेत वाढलेली, तरुण संघाची सचिव. ती म्हणाली, “पाळकसाहेब, लग्न चर्चमध्येच करायचंय. तो हिंदू आहे, बाप्तिस्मा घेणार नाही. पण त्याच्या घरचे यायला तयार आहेत.” मी म्हणालो, “समितीपुढे ठेवतो.” समिती काय म्हणणार हे मला माहीत होतं, म्हणून तर ठेवलं. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार वधूवरांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लग्न लावता येतं. हेही मला माहीत होतं. कायद्याने मला भाग पाडलं नसतं, पण अडवलंही नसतं. अडवणारा नियम आमचा होता. बैठकीत त्या कायद्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. एक-दोन वजनदार कुटुंबं दुखावली असती, बिशपांकडे तक्रार गेली असती. मुलीला निरोप दिला तोही समितीच्या नावाने. तिने १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देऊन निबंधकाच्या कार्यालयात लग्न केलं. तिची आई पेढे घेऊन आली. ते मी घेतले, “देव भलं करो” असंही म्हणालो. मुलगी पुन्हा चर्चला आली नाही. दोन घरची माणसं आपल्या पायांनी आमच्या दारात येत होती आणि मी नंतर ‘बाहेरच्यांपर्यंत कसं पोचावं’ या विषयावर शिबिरं घेत राहिलो!

शिबिरांवरून आठवलं. आम्ही खेड्यात मोफत आरोग्य तपासणी ठेवायचो. नावनोंदणीच्या टेबलावर शुभवर्तमानाच्या पुस्तिका असत, केसपेपरबरोबर एक हातात द्यायची. मदतीला येणारे एक डॉक्टर देवधर्म न मानणारे होते. ते एकदा म्हणाले, “पुस्तिका नाकारली तर नंबर जाईल असं यांना वाटतं. टेबल निदान लांब तरी ठेवा.” मला राग आला. पुढच्या वेळी मी त्यांना बोलावलं नाही. ते बरोबर होते. ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्या हातात दिलेली सुवार्ता ही सक्तीच. पुस्तिका किती वाटल्या याचा आकडा मात्र अहवालात दर वर्षी ठळक असे.

आणि त्याच ना. वा. टिळकांवर मी दर वर्षी उपदेश करायचो! १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात बसू शकत होते. हे मी पुलपिटावरून अभिमानाने सांगायचो आणि खाली उतरून सभासद यादी तपासायचो: कुणाची वर्गणी थकली, कुणाचं नाव काढायचं. पुरोगामी परंपरा सांगायला बरी असते, पाळायला गेलं की समिती आठवते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती एक टक्काही भरलो नाही. एवढ्याशा समाजाचा पाळक नावं राखायला धडपडणार, हे मी समजू शकतो. पण माझ्या बाबतीत ती धडपड समाजासाठी कमी आणि माझ्या खुर्चीसाठी जास्त होती.

जग बदललं हे खरं. पण त्या मुलीला जगाने नेलं नाही. ती माझ्याकडे आली होती आणि मी तिला परत पाठवलं.

माझ्या जागी आलेल्यांना विनंती आहे. असं लग्न समोर आलं तर समितीपुढे ठेवण्याआधी १८७२चा तो कायदा स्वतः वाचा आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. मुलाच्या आईवडिलांना बंगल्यावर चहाला बोलवा. नकारच द्यायचा असला, तर तो स्वतःच्या नावाने द्या.