बसायला जागा

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला असताना 'कमवा आणि शिका' योजनेतून मला ग्रंथालयात काम मिळालं. बॅ. बाळासाहेब खर्डेकरांचं नाव असलेलं हे ग्रंथालय तोवर मला पुस्तक बदलण्यापुरतंच माहीत होतं. आता अभ्यासिकेत रोज वावर सुरू झाला. टेबलांवर राहिलेले संदर्भग्रंथ उचलायचे, वर्तमानपत्रं तारखेवार लावायची, खुर्च्या सरळ करायच्या. हे करताना एक गोष्ट डोळ्यांत भरली: टेबलांवर ग्रंथालयाची पुस्तकं फार थोडी असायची. बहुतेकांपुढे स्वतःच्या वह्या, झेरॉक्सचे गठ्ठे, हातोहात फिरून कोपरे दुमडलेली गाइडं. मुलं वाचायला यायची, पण त्याहून जास्त बसायला यायची.

ती लोडशेडिंगची वर्षं होती. कागल, करवीर, हातकणंगल्याच्या गावांतून एसटीच्या पासावर ये-जा करणारी कितीतरी मुलंमुली वर्गात होती, मीही त्यांतलीच. गावी ऐन संध्याकाळी वीज जायची. असली तरी मधल्या खोलीत टीव्ही, आजी-आजोबा, आलंगेलं माणूस. माझ्या शिक्षणाला घरात कुणाचा विरोध नव्हता. फक्त 'जरा दुधाकडं बघ गं' एवढंच असायचं, आणि ते थोड्या थोड्या वेळाने असायचं. सलग तीन तास आपल्याला कुणीही हाक मारत नाही, हे सुख मला पहिल्यांदा त्या अभ्यासिकेत मिळालं. ज्याला घरात स्वतःची खोली आहे, त्याला याची किंमत सांगून कळायची नाही.

सगळ्यांचं बसणं सारखं नव्हतं. स्पर्धा परीक्षावाले दार उघडायच्या आधी हजर असत आणि दिवे मालवेपर्यंत हलत नसत. ते शक्यतो भिंतीकडे तोंड करून बसत. विज्ञानाची मुलं सत्र परीक्षा जवळ आली की एकदम लोंढ्याने येत. पीएच.डी.चे लोक संदर्भ विभागाच्या आसपास, जुन्या प्रबंधांच्या ढिगात. आणि एसटीने येणारे आम्ही, दोन तासिकांमधला मोकळा वेळ, शेवटच्या तासिकेनंतर गाडी मिळेपर्यंतचा वेळ, अशा तुकड्यांत. ओढणी, पाण्याची बाटली किंवा डब्याची पिशवी ठेवून जागा धरली जाई. त्यावरून कुरबुरी होत, पण जेवायला गेलेल्याची जागा कुणी घ्यायची नाही, हा अलिखित करार सगळे पाळत. डबे बाहेर झाडाखाली उघडायचे. विद्यापीठाच्या आवारात मोर पुष्कळ, त्यांचं ओरडणं जेवताना ऐकू यायचं. खरी चर्चा मात्र जिन्यात. आत ज्याच्याशी महिनोन्‌महिने शब्द बोललो नाही, तो जिन्यात नेट परीक्षेच्या पेपरातला एखादा मुद्दा उकलून सांगायचा.

आणि संगत. शेजारचा उठत नाही म्हणून आपणही उठत नाही. दुपारी डोळे मिटायला लागले की समोरची मुलगी पान उलटताना दिसायची आणि पाठ आपोआप ताठ व्हायची. एकट्याने खोलीत बसून हे होत नाही.

शिकायला जागाही लागते, हे कोल्हापुरात तर कुणाला नव्याने सांगायची गरज पडू नये. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. शाळा असून भागत नाही, खेड्यातून आलेल्या पोराला राहायला छप्पर लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याच कोल्हापुरात विद्यार्थी म्हणून जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे 'कमवा आणि शिका' रुजवलं, ज्याच्या पैशावर माझी खानावळ चालली. अभ्यासिकेतली खुर्ची मला याच परंपरेतली वाटते. एस. आर. रंगनाथन यांनीही 1931च्या आपल्या पुस्तकात ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्याच नियमाचं विवेचन करताना ग्रंथालयाची जागा, उघडण्याच्या वेळा आणि फर्निचर यांचा विचार केला आहे. तरी ग्रंथालयाचा अहवाल लिहिताना आपण किती पुस्तकं दिली-घेतली ते मोजतो. स्वतःची वही घेऊन सहा तास बसलेली मुलगी त्या आकड्यात कुठेच नसते.

मी 'मुलगी' म्हणते ते उगाच नाही. दुसऱ्या वर्षी मी शहरात एका खासगी वसतिगृहात राहू लागले. तिथलं फाटक संध्याकाळी लवकर बंद होई. अभ्यासिका त्यानंतरही उघडी असायची, पण आम्ही मुली घड्याळाकडे बघत वह्या आवरायला लागायचो. रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर मुलं येऊन बसत. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पण तीच परीक्षा, तोच अभ्यासक्रम, आणि दिवसातले दोन-तीन तास आमच्या वाट्याला कमी, याची चीड मला तेव्हाही होती, आजही आहे. काळजीपोटी केलेल्या नियमाने मुलींच्याच अभ्यासाचा वेळ कापला जातो, हे वसतिगृह चालवणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवं.

आता मी एका तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे पहिल्या गाडीने येणाऱ्या मुली तासिका सुरू होण्याच्या कितीतरी आधी पोहोचतात आणि पूर्वी व्हरांड्यात उभ्या राहायच्या. ग्रंथपाल आणि मी मिळून मागे लागलो, तेव्हा अभ्यासिका सकाळी सातला उघडू लागली. मोबाइल चार्ज करायला प्रत्येक टेबलापाशी प्लगही बसवून घेतले, कारण मुलांच्या अर्ध्या नोट्स आता मोबाइलमध्येच असतात. संध्याकाळी आठपर्यंत ती उघडी ठेवायची आणि मुलींना थांब्यापर्यंत सोबत द्यायची, हा प्रस्ताव मात्र दोनदा परत आला आहे. येत्या बैठकीत आम्ही तो पुन्हा मांडणार आहोत.